मागे वळून पाहायची सवय

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन वाचा. सुट्ट्यांमध्ये ज्यांच्याकडे बाहेरगावचे पाहुणे येतात आणि 'चला, तुम्हाला आमचं चंद्रपूर पायी फिरवून दाखवतो' असं जे म्हणतात, त्यांनी तर नक्कीच वाचा. मीही तसंच म्हटलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून माझा पुतण्या, त्याची बायको आणि त्यांची आठ वर्षांची पोरगी आली होती. रविवारी सकाळी आम्ही सगळे जुनं शहर पायी पाहायला निघालो. साडेनऊच्या सुमारास जटपुरा गेटच्या अलीकडे उलट्या दिशेनं आलेल्या एका दुचाकीनं सूनबाईला धडक दिली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. पोरीला तिनं त्याच क्षणी आत ढकललं म्हणून पोरगी वाचली. प्लास्टर दीड महिना राहणार आहे. ती आता पुण्याला परत गेली, पण ती गाडीत बसताना जे बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्याआधी थोडं मागचं सांगतो.

मी राहतो ऊर्जानगरला. वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये पंचवीस वर्षं काढली. २,९२० मेगावॅटचं केंद्र, बाजूला खाणी, मागे जंगल, आणि मधल्या झुडपांत कोण राहते हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. बाहेरच्याला मी सांगतो की आमच्याकडे पाळी संपवून माणूस घरी येईपर्यंत बायको फाटकाशी उभी असते, तर त्याला वाटते हा वाढवून सांगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये लागोपाठ दोन दिवसांत काय झालं ते आपण विसरलो नाही. आधी केंद्राच्या आवारात घरी निघालेला कंत्राटी कामगार वाघानं नेला, आणि दुसऱ्याच दिवशी दुर्गापुरात सोळा वर्षांचं पोरगं बिबट्यानं उचललं. त्याच वर्षी मे महिन्यात तीन वर्षांच्या चिमुकलीला बिबट्याच्या जबड्यातून तिच्या आईनं काठीनं सोडवलं. लोक इतके चिडले होते की वनविभागाच्या माणसांना घेरून बसले होते.

त्या वर्षापासून आमच्या चालण्यालाच एक शिस्त आली. अंधार पडायला लागला की एकट्यानं निघायचं नाही. कानात इअरफोन घालायचा नाही. बोलत, खोकत, काठी आपटत चालायचं. पोरं मध्ये, मोठी माणसं पुढे आणि मागे. झुडपाजवळ वाकायचं नाही, बसायचं तर नाहीच, कारण बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकायचं. आणि दर वीस-पंचवीस पावलांनी मागे वळून पाहायचं. सुंदरबनात मध काढायला जाणारे लोक डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधत, कारण वाघ मागून येतो. आम्ही मुखवटा नाही बांधत, मानच फिरवतो. आमच्या कॉलनीतला माणूस कुठेही ओळखू येतो. नागपूरच्या सीताबर्डीवरसुद्धा तो मागे वळून पाहत असतो.

आता मुंबईचं सांगतो.

मागच्या जानेवारीत माझे मोठे भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, हट्टाला पेटले. वय त्र्याहत्तर, निवृत्त मास्तर, दुर्गापूरला घर. एका कानानं कमी ऐकू येते. म्हणाले, "मले मुंबई पाह्याची हाय, पण पायी. गाडीत बसून काचंतून पाह्याचं तं टीव्ही काय वाईट हाय?" मग मी, आमच्या सौ. आणि दादा, नागपूरहून विदर्भ एक्सप्रेस धरली आणि सकाळी सीएसएमटीला उतरलो. दादांच्या हातात काठी. मी म्हटलं, दादा, मुंबईत काठी कशाला? तर म्हणाले, "आरे कॉलनीतल्या त्या बाईनं बिबट्या कायनं हाकलला होता मंग?" २०२१ मधला तो सीसीटीव्हीचा व्हिडिओ त्यांनी दहादा पाहिला होता. यावर मी काय बोलणार?

बेत साधा होता. स्टेशनची इमारत पाहायची, समोरची महापालिकेची इमारत पाहायची, मग दादाभाई नौरोजी रोडनं हुतात्मा चौक, तिथून राजाबाई टॉवर, काळा घोडा, वस्तुसंग्रहालय आणि शेवटी गेटवे. सगळं मिळून अडीच किलोमीटरच्या आतबाहेर. आपण तर ताडोबा रोडनं रोज एवढं चालतो. त्या सगळ्या भागातल्या जुन्या इमारती म्हणजे जगाचा वारसा आहे, स्टेशनला २००४ मध्ये युनेस्कोचा मान मिळाला आणि मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये. दादांनी हे सगळं वहीत लिहून आणलं होतं. मास्तर ना.

पहिल्या वीस मिनिटांतच दादा हरवले.

स्टेशनसमोर रस्ता ओलांडायला खाली भुयारी मार्ग आहे. आत दुकानं, गर्दी, आणि वर निघायला इतके जिने की कोणता कुठे निघतो हे आमच्यासारख्याला कळत नाही. मी पुढे होतो. सवयीनं मागे वळून पाहत होतो. तीनदा पाहिलं तेव्हा दादा होते, चौथ्यांदा नव्हते. फोन लावला, तर तो माझ्याच बॅगेत वाजला! चार्जिंगला लावायला त्यांनीच दिला होता. म्हणजे वाघाच्या गावातल्या शहाण्या माणसानं त्र्याहत्तर वर्षांच्या अर्धवट ऐकू येणाऱ्या भावाला दीड कोटींच्या शहरात बिनफोनचं सोडलं होतं.

मी सैरभैर होऊन एका जिन्यानं वर पळालो, दुसऱ्यानं खाली आलो. सौ. मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "अहो, तुम्ही शोधा. एकानं तं इथंच राह्यला पाहिजे न. दोघंही फिरलो तं ते आले तरी कोणाले भेटतील?" त्या दिवशी आमच्यातलं एकमेव डोकं तिच्याकडे होतं.

वर एक पोलीस हवालदार भेटले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आजचा फोटो आहे का? आजच्या कपड्यातला?" नशिबानं होता, फलाटावर उतरल्यावर काढलेला. तो त्यांनी आपल्या फोनवर घेतला आणि आणखी दोघांना पाठवला. तेव्हापासून मी कुठेही गेलो की सकाळी निघताना सगळ्यांचा एक फोटो काढतो. लोकांना वाटते हौस आहे. लहान पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन जत्रेला जाणाऱ्यांनी हे एवढं एक जरी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

चाळीस मिनिटांनी दादा सापडले. रस्त्याच्या पलीकडच्या तोंडाशी वर निघून एका चप्पल शिवणाऱ्या माणसाजवळ पेटीवर बसले होते, काठी गुडघ्यात धरून. त्या माणसानं त्यांना म्हणे सांगितलं होतं, बाबा, आता इथून हलू नका, शोधणारा शोधत येतो. मी त्याला पैसे द्यायला लागलो तर घेतले नाहीत, दादांच्या चपलेचा अंगठा मात्र शिवून दिला आणि त्याचे दहा रुपये घेतले. दादा माझ्याकडे पाहून म्हणाले, "मी नव्हतो हरवलो. तुम्ही हरवले होते."

तिथेच बसून आम्ही नियम केले. प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी, तिच्यावर नाव आणि दोन फोन नंबर. चुकलोच तर मागच्या शेवटच्या थांब्यावर परत जायचं आणि तिथेच उभं राहायचं. पैसे दोन ठिकाणी. आणि फोटो काढताना आधी पाय थांबवायचे, मग हात वर करायचा. हा शेवटचा नियम सौ.नं केला, कारण महापालिकेच्या इमारतीसमोर मी फोटोत कळस मावत नाही म्हणून मागे मागे सरकत थेट टॅक्सीच्या पुढे गेलो होतो. ड्रायव्हर जे बोलला ते इथे लिहीत नाही.

मग दिवसभर फिरलो. आमची मागे वळून पाहायची सवय मुंबईत निम्मीच कामाची निघाली. मागून काही येत नाही तिथे, तिथे खालून येते. फूटपाथची उचकटलेली फरशी, अर्धवट झाकण, तारेचं वेटोळं. आणि बाजूनं येते. वाहन उजवीकडूनच येईल असं धरून पाऊल टाकलं की डावीकडून मोटरसायकल. दोन्हीकडे पाहायचं, सिग्नल हिरवा असला तरी पाहायचं. फोन रस्त्याच्या बाजूच्या हातात धरायचा नाही. नौरोजी रोडच्या कमानींखालून चाललो तेव्हा बरं वाटलं. इमारतींच्या पोटातूनच चालायला जागा ठेवली आहे, वर सावली, पाऊस लागत नाही. फेरीवाले आहेत, धक्के लागतात, पण गाडी अंगावर येत नाही. त्या जुन्या काळच्या शहरात पायी माणसाचा विचार होता, एवढं तरी दिसते.

दादांना तो हिमालय पूलही पाहायचा होता. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी स्टेशनजवळचा हा पादचारी पूल कोसळला, माणसं गेली. २०२३ मध्ये नवा झाला. आम्ही त्यावरून गेलो. दादा मध्येच थांबून काठीनं टक टक करून पाहत होते. मागून एक पोरगा वैतागून म्हणाला, "काका, चला ना." दादा म्हणाले, "पाहू दे रे बापू, लोकं चालतच होते न त्या दिवशी."

तर हे मुंबई करून आलेले आम्ही. शहाणे झालेले.

आता चंद्रपूर.

सूनबाई पुण्याची. तिला वाघाची भयंकर भीती. आल्या दिवसापासून रात्री अंगणात निघत नव्हती, आणि त्यात चूक काहीच नव्हती. मीच तिला आमचे नियम सांगितले. रविवारी सकाळी सात वाजता आम्ही बगड खिडकीजवळ परकोटावर चढलो. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांना सांगतो, गोंडराजांच्या या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर. आणि खिडक्या म्हणजे बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. इको-प्रोच्या पोरांनी २०१७ च्या मार्चपासून रोज सकाळी झाडं-झुडपं तोडून, कचरा उपसून तो चालण्यालायक केला. दोनशे दिवस झाले तेव्हा प्रधानमंत्र्यांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. आपल्यातल्या किती जणांनी तिथे जाऊन एक विळा चालवला हे आपलं आपल्याला माहीत.

वर दादांनी नातीला ससा आणि कुत्र्याची गोष्ट सांगितली. खांडक्या बल्लाळशा राजा शिकारीला गेला, आणि पाहतो तर काय, त्याच्या कुत्र्यामागे ससाच धावतो आहे. सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका. ज्या वाटेनं तो ससा धावला त्या वाटेवर परकोटाची आखणी झाली अशी दंतकथा आहे. पोरगी म्हणाली, "म्हणजे इथे ससा कुत्र्याला घाबरत नव्हता?" दादा म्हणाले, "त्या दिवशी नव्हता."

सूनबाई सगळा वेळ मागे वळून पाहत होती. परकोटाच्या कडेला झुडूप दिसलं की पोरीचा हात धरायची. आम्ही अंचलेश्वर पाहिलं, गोंडराजांच्या समाध्या पाहिल्या, राणी हिराईनं नवऱ्यासाठी, बिरशहासाठी बांधलेली समाधी पाहिली, महाकालीला नमस्कार केला. मग नाश्त्याला म्हणून परत गावात आलो. आणि मी, स्वतःच्या तोंडानं, तिला म्हटलं, "सूनबाई, आता गावात आलो. आता मोकळं चाला."

दहा मिनिटांनी ती रस्त्यावर पडली होती.

कसं झालं ते नीट सांगतो, कारण आपण 'अपघात झाला' म्हणतो आणि विषय संपवतो. फूटपाथ होता. त्यावर एका दुकानाच्या बाहेर मांडलेला माल, पुढे तीन स्कूटर, पुढे एक पाटी. म्हणून आम्ही पाच जण खाली उतरून रस्त्याच्या कडेनं ओळीनं चाललो. वाहनं मागून येत होती, म्हणून ती सवयीनं मागेच पाहत होती. दुचाकी समोरून आली. उलटी. जिथून यायलाच नको होती तिथून.

चालवणारा पोरगा अठराचा असेल-नसेल. पळाला नाही, थांबला. हात थरथरत होते. लोकांनी त्याची कॉलर धरली, दोघांनी मारलेही. सूनबाईच ओरडली, "मारू नका त्याला!" मी विचारलं, काहून रे बाबा उलटा आलास? म्हणाला, पुढून वळून यायला फेरा पडते. त्याच्या पिशवीत औषधांची पट्टी होती आणि कोथिंबिरीची जुडी. मी त्याला चार शब्द सुनावणार होतो, तेवढ्यात आठवलं की मागच्या महिन्यात त्याच जागेवरून, त्याच फेऱ्यासाठी, मीही उलटा गेलो होतो. भाजी आणायला. हेल्मेट हँडलला. तुमच्यातलेही पुष्कळ जातात, मी पाहतो तुम्हाला.

एका ऑटोवाल्या भाऊनं दवाखान्यात नेलं, पैसे घेतले नाहीत. त्याला भीती होती की पोलीस विचारतील, चकरा माराव्या लागतील. मी त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आहे, मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही. नाव सांगायची सक्तीही नाही. रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलायला कोणी घाबरू नका. ११२ किंवा १०८ लावा. आणि आमच्या भागात वाघ-बिबट दिसला तर १९२६.

घरी आल्यावर रात्री झोप लागली नाही. केंद्र सरकारच्या रस्ते मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल काढून वाचला. त्या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे रोज नव्वद. आमच्याकडे वाघानं माणूस नेला की रस्ता अडवतो, टायर जाळतो, आमदार येतात, पिंजरे लागतात. आणि ते व्हायलाच पाहिजे, त्यात एक पैशाचंही कमी करा असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्याशी हिशेब मांडणारा मी कोण? पण रोजच्या त्या नव्वदांसाठी कोणी टायर जाळलेला मी पाहिला नाही. वाघाला तरी निदान पिंजरा आहे. फूटपाथवरच्या स्कूटरला कोणता पिंजरा लावायचा?

काहींना वाटेल, याची सून पडली म्हणून याला आज आठवलं. खरं आहे. तोवर मीही फूटपाथ नसल्याचं धरूनच चालत होतो.

१४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे की चालण्यालायक फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे संविधानाच्या कलम २१ चाच भाग आहे, आणि त्यावरची अतिक्रमणं काढली पाहिजेत. पुण्यानं पायी चालणाऱ्यांसाठीचं धोरण २०१६ मध्येच केलं, लक्ष्मी रस्ता वर्षातून एक दिवस, ११ डिसेंबरला, गाड्यांना बंद ठेवतात. पुण्यातही पायी माणसाचे हाल आहेत, पुतण्या सांगतो, पण निदान कागद तरी आहे हातात भांडायला. आपल्याकडे जटपुरा गेटचा प्रश्न म्हटलं की बोलणं गाड्यांचंच निघते. कोंडी कशी फोडायची, गाड्या कुठून काढायच्या, वाट रुंद करायची की बाजूनं फोडायची. त्या गेटमधून पायी जाणारी बाई, शाळेचं पोरगं, चैत्रात नांदेड-परभणीकडून महाकालीला येणारे यात्रेकरू, यांच्यासाठी किती फूट ठेवणार, हे मी कोणत्याच सभेत ऐकलं नाही. ती माणसं तर आपलं शहर पायीच पाहतात. एप्रिलच्या उन्हात, पंचेचाळीसच्या पुढच्या पाऱ्यात, डोक्यावर बोचकं घेऊन.

म्हणून मी एक निवेदन लिहिलं आहे, महानगरपालिकेला आणि वाहतूक शाखेला. मागणं मोठं नाही. जटपुरा गेट ते गांधी चौक फूटपाथ मोकळा करा आणि मोकळा ठेवा, एक दिवस कारवाई करून फोटो टाकू नका. उलट्या दिशेनं येणाऱ्यांना सकाळीही अडवा, फक्त संध्याकाळी नाही. आणि परकोटाच्या वाटेवर पाट्या लावा, पाहुण्यांना दिशा कळेल अशा. व्यापारी बांधवांशीही मी बोललो. एकानं हात जोडून माल आत घेतला. दुसऱ्यानं विचारलं, "गिऱ्हाईकाची गाडी कुठं लावू, तुमच्या डोक्यावर?" त्याचा प्रश्नही खोटा नाही. गाड्या लावायला जागा द्या, हेही निवेदनात टाकलं आहे. सही करायला ज्यांना यायचं त्यांनी संध्याकाळी घरी यावं. अंधार पडायच्या आत परत जा मात्र, आणि दोघं-तिघं मिळून या.

सूनबाई गाडीत बसताना काय म्हणाली ते राहिलं. मी तिची माफी मागत होतो, माझ्यामुळे झालं म्हणून. ती म्हणाली, "काका, तुमच्या जंगलात मला भीती वाटली म्हणून मी सगळीकडे पाहत होते. गावात तुम्ही सांगितलंत म्हणून पाहिलं नाही." रागानं नाही म्हणाली. तेच जास्त लागलं.

दादांनी काल चपलेचा तोच अंगठा दाखवला, मुंबईत शिवलेला, अजून टिकला आहे. म्हणाले, "मसण खिडकी राह्यली पाह्याची. या रविवारी जाऊ." मी म्हटलं, दादा, थोडे दिवस जाऊ द्या. तर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. नाव, दोन नंबर, आणि खाली तिसरी ओळ नव्यानं लिहिलेली, मास्तरी अक्षरात: दोन्ही बाजूंना पाहणे.

रविवारी सकाळी साडेसहाला निघतो आहोत. येणाऱ्यांनी पाण्याची बाटली आणावी.